बाहेरच्या काट्यावर

परवा सकाळी कामाला निघाले, तर कळंब्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्त्याच्या मधोमध उसाचं एक कांडं पडलेलं. हिरवंगार, टोकाला थोडं चेंगरलेलं. स्कूटर बाजूला घेतली आणि पायानं ते कडेला सारलं. सुरू झाला म्हणायचा गळीत हंगाम. दुसऱ्या कुणाला अशा वेळी गुऱ्हाळ आठवेल, काकवी आठवेल. मला पहिला प्रश्न पडला तो असा, की हे ट्रॉलीतनं आपोआप पडलं की कुणी ओढून काढलं? आणि काढलं असेल तर वाटेत आणखी किती जणांनी हात मारला?

स्वभावच तसा. त्याला इलाज नाही.

या दिवसांत कोल्हापूरच्या हवेला मळीचा एक जड, आंबूस-गोड वास असतो. पहाटेच्या धुक्यात ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याकडं निघालेले असतात. मागच्या ट्रॉलीला दिव्याचा पत्ता नाही, पण पुढं डेकवर गाणं मात्र फुल्ल. लोक त्यांच्या मागं अडकले की शिव्या घालतात. मी अडकले की चाकं बघते. टायर किती दबलाय, ट्रॉली कुठल्या बाजूला कललीय, रस्सा कुठं सैल पडलाय, आणि एकूण किती टन असेल. हे बघणं मला कुणी शिकवलं नाही, अंगात मुरलं. ते मुरवलं आण्णांनी.

आण्णा म्हणजे माझे वडील. राधानगरी रस्त्याला आमचं गाव, नदीकाठाला ऊस. आमच्या भागात ऊस घालणाऱ्या माणसाच्या मनात एक शब्द कायमचा बिऱ्हाड करून असतो: काटा. वजनाचा काटा. तो खरं बोलतो की मारतो, यावर आमच्या पारावर जेवढं बोलणं झालं असेल तेवढं देवाधर्मावर झालं नसेल. त्यामुळं तोड आली, फड मोकळा झाला, ट्रॉली भरली की आण्णा ड्रायव्हरला बजावायचे, "सरळ जायाचं न्हाय. आदी बाहेरच्या काट्यावर."

फाट्यावर एक खाजगी वजनकाटा होता. लोखंडी फळी, शेजारी काचेची खिडकी असलेली टपरी, आत मफलर गुंडाळलेला एक माणूस. मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेली असायची, बोटं गारठलेली. ट्रॉली फळीवर चढायची, थोडी मागं, थोडी पुढं, मग स्थिर. आण्णा खिडकीशी जाऊन आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे. मग तिथून कारखाना, तिथली रांग, तिथला काटा, आणि तिथला आकडा. दोन्ही आकडे आण्णांच्या डोक्यात. परतीच्या वाटेवर त्यांच्या मनात वजाबाकी चाललेली असायची.

एका हंगामात दोन्ही आकडे तंतोतंत जुळले. मी मडगार्डवरनं उडी मारली आणि ओरडले, "आण्णा, जुळलं!"

"जुळलं?" आण्णांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हंजे दोघं एक झाल्यात."

"आणि नसतं जुळलं तर?"

"तर एकजण चोर. आज दोघं हाईत."

मी परत मडगार्डवर चढले. पण तेव्हापासून एक गोष्ट कळून चुकली, की आण्णांच्या पुढं कुठल्याही काट्याची सुटका नाही. डेअरीत दुधाचं फॅट लावणारं यंत्र असो, पंपावरचं मीटर असो, नाहीतर घरातलं घड्याळ असो. घड्याळ ते शेजारच्या घड्याळाशी ताडून बघायचे आणि दोन्हीत एकच वेळ दिसली की सूर्याकडं बघायचे.

हसायला येतं आता. पण एकदा मला हसायला आलं नव्हतं. दहावीला मला गणितात भरघोस मार्क पडले. दुसऱ्या दिवशी आण्णा धुतलेली टोपी घालून शाळेत गेले आणि हेडसरांना म्हणाले, "सर, हे मार्क आमच्या मालूचंच न्हवं? नजरचुकीनं दुसऱ्या कुनाचं तरी न्हाईत?" सर हसले. गावभर हसणं झालं. मी परड्यात जाऊन रडले. आईनं समजूत घातली, "अगं येडे, तुझ्यावर संशय न्हाय, सरांवर हाय." मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर अजून पटलेलं नाही. बाहेरच्या काट्यावर नेऊन आपल्याच लेकीला तोललं, हे मनातून जात नाही.

आणि गंमत बघा, मी पोटापाण्याला धंदा पकडला तोही मोजण्याचाच.

शाहूपुरीत आमचं ऑफिस आहे. काचेच्या केसासारख्या बारीक तारेतून उजेड धाडायचा आणि त्या उजेडावर बसवून लोकांची माहिती इकडून तिकडं न्यायची, हे आमचं काम. आण्णा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना मी सगळं हौसेनं दाखवलं. लुकलुकणारी कपाटं, पिवळ्या तारा, सगळं.

"उजेड जातो म्हनतीस. दिवसाबी?"

"दिवसाही जातो."

"डोळ्याला तर दिसत न्हाय. मग किती गेला त्ये कोन मोजतं?"

"यंत्र मोजतं, आण्णा."

"यंत्र कुनाचं?"

"आमचंच."

आण्णा फक्त हसले. त्या हसण्यानं मला असं काही लागलं की आठवडाभर मी आमच्या यंत्राकडं वाकड्या नजरेनं बघत होते.

आणि त्यांचं हसणं अगदीच फुकट नव्हतं. आमच्या धंद्यात वेगाची मापं एक नाहीत. ज्यांनी माहिती साठवायची जुनी साधनं बनवली, म्हणजे डिस्क आणि टेप, त्यांनी वेग मोजला मेगाबाइटमध्ये. आम्ही तारवाले मोजतो मेगाबिटमध्ये. आठ बिट मिळून एक बाइट. शेतकरी टनात बोलतो आणि तोडणारी टोळी मोळीत बोलते, तसंच हे. ऊस तोच. त्यात आम्हा उजेडवाल्यांचं आणखी एक जुनं, ठोक माप आहे, त्याला एसटीएम म्हणतात. एक एसटीएम म्हणजे एकशे पंचावन्न मेगाबिट. आठानं भागलं की साडेएकोणीसच्या आसपास मेगाबाइट येतात, आणि त्यातूनही बांधणीचं वजन वजा जातं, कारण माहिती मोकळी जात नाही, मोळी बांधूनच जाते.

लोक रोज भांडायला येतात. "म्याडम, शंभरचं कनेक्शन घेतलंय आनि काँप्युटरवर बारा दाखवतंय. बाकीचं कुनी खाल्लं?" मी सांगते, कुणी खाल्लं नाही, आठानं भागा. ते भागतात, उत्तर जुळतं, आणि उत्तर जुळलं म्हणून आणखी संशयानं बघत निघून जातात. त्यांच्या पाठीकडं बघून मला आण्णा आठवतात. सगळा जिल्हाच आण्णांचा.

पण मला सांगायचाय तो हंगाम काही वर्षांपूर्वीचा. रस्त्यावरच्या त्या कांड्यानं तोच वर काढला.

त्या वर्षी तोड चालू असताना आण्णा बांधावर उभे होते. टोळीतल्या एकाला त्यांनी हाक मारली, हात पुढं केला आणि मागितलं ते... मागताच आलं नाही. कोयता हा शब्दच सापडेना. बोट कोयत्याकडं, तोंड उघडं, आणि शब्द नाही. जन्मभर हातात वागवलेली वस्तू. थोड्या वेळानं शब्द परत आला, पण आण्णांच्या चेहऱ्यावरची भीती काही परत गेली नाही. भावानं फोन केला, मी त्यांना घेऊन आले, डोक्याचा स्कॅन काढला. डाव्या बाजूला एक डाग निघाला.

पुण्याच्या डॉक्टरांनी स्कॅन उजेडासमोर धरून बराच वेळ बघितला. शांत माणूस. म्हणाले, "डाग बोलण्याच्या जागेला अगदी चिकटून आहे. काढायचा तर बोलणं जाण्याचा धोका आहे. न काढावा, तर तो वाढणारा असला तर पंचाईत." मग विचारलं, "पूर्वीचा कधी काढलेला स्कॅन आहे का? डाग तेव्हाही एवढाच असेल, तर तो बसून राहिलेला आहे. मी हात लावणार नाही. पण तेव्हा नसेल किंवा लहान असेल, तर थांबता येणार नाही." ऑपरेशनची परवाची तारीख ठरवूनच आम्ही उठलो. जुनं काही मिळालं तर त्याच्या आदल्या दिवशी पाचच्या आत पोचवा, म्हणाले.

आण्णांचं बोलणं जाणार? आण्णा म्हणजे दुसरं आहे काय? शेत भाऊ बघतो, म्हशी आई बघते. आण्णा बोलतात. सकाळी उठल्यापासून जगावर संशय घेतात आणि तो मोठ्यानं बोलून दाखवतात. ते गप्प झाले तर उरेल काय, टोपी?

कळंब्याला घरी आलो. तळ्यावरनं गार वारं येत होतं. मी भाकरी वाढत म्हणाले, "आण्णा, पूर्वी तुम्ही ट्रॉलीवरनं पडला होता, तेव्हा दवाखान्यात काढला होता ना स्कॅन?"

"त्यांनी नुसतं टाकं घातलं. फोटूची गरज न्हाय म्हनले."

"संपलं मग." मी ताट खाली ठेवलं.

आण्णा भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तसेच बसले. माझ्याकडं बघेनात. मग म्हणाले, "मी काढलाता की एक."

"काय काढला होता?"

"फोटू. डोक्याचा. त्यो डागदर गरज न्हाय म्हनला, म्हटलं का न्हाय? कुठंतरी पानी मुरतंय. मग खत आनायला जातो म्हनून सांगून आलतो आनि राजारामपुरीत काढून घेतला. बाहेरच्या काट्यावर."

मी बघतच राहिले. "आणि घरात कुणाला बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? तिथली लोकंबी म्हनली, काळजीचं काय न्हाय. म्हटलं, झाली दोघं एक."

मला त्या क्षणी त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि दोन शब्द सुनवावेसेही वाटले. "कुठाय तो फोटो? त्याची फिल्म?"

आता आण्णांनी मान आणखी खाली घातली. "गिराण लागलंतं की मागं. पोरास्नी सूर्व्याकडं बघायचं हुतं. काळी काच कुठनं आनायची? तुकडं केलं आनि आळीत वाटलं."

म्हणजे आण्णांच्या डोक्याच्या फोटोतून आमच्या आळीनं ग्रहण बघितलं होतं. आणि रिपोर्ट? तो इंग्रजीत होता म्हणून त्याच्यावर विश्वास नव्हता. कुठं गेला कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघं त्या स्कॅन सेंटरात गेलो. सेंटरचं पुण्यात मोठं ऑफिस, इथं शाखा. यंत्रं नवी आलेली, जुनी विकलेली. पण त्या काळातले स्कॅन एका टेपवर उतरवून ठेवलेत, असं सांगितलं. टेप म्हणजे आतमध्ये फीत असलेली, विटेएवढी नसली तरी पुस्तकाएवढी जाड डबी. ती वाचणारं यंत्र जिन्याखालच्या खोलीत धूळ खात होतं. आणि त्यातला कुठला स्कॅन कुणाचा, हे उलगडून देणारी सोय फक्त पुण्याच्या ऑफिसात. म्हणजे अख्खी टेप वाचून पुण्याला धाडायची, तिथं त्यांनी आण्णांचं डोकं हुडकायचं आणि डॉक्टरांना द्यायचं. हे सगळं पाचच्या आत. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी, रात्रीच्या गाडीनंच पुण्याला निघायचं होतं.

जिन्याखालची खोली सांभाळणारा बबन म्हणून एकजण होता. शिवाजी पेठेतला, फुटबॉलचा वेडा. त्याच्या मते त्याच्या पेठेचा संघ आजवर एकदाही हरलेला नाही, रेफ्रींनी हरवलेला आहे. असा माणूस मला लगेच आवडतो. त्यानं टेप आत सरकवली, यंत्र घरघरलं, आणि आमच्याच ऑफिसच्या तारेवरनं माहिती निघाली पुण्याला. आकडा हळूहळू सरकायला लागला. फारच हळू.

"म्याडम, ह्या हिशोबानं तर रात हुईल," बबन म्हणाला. "टेप ठणठणीत हाय. तुमची तारच मार खातीया."

"तार मार खात नाही. टेप म्हातारी झालीय तुमची."

"म्हातारी? अवो, ह्याच्यावर लिवलंय बघा, सहा मेगाबाइट. सेकंदाला!"

"लिहिलेलं सगळं खरं असतं होय? ट्रकच्या मागंही बरंच काही लिहिलेलं असतं."

आण्णा बाकावर टेकून ऐकत होते. म्हणाले, "दोघंबी खोटं बोलत असतील." मग मला जवळ बोलावून कानाशी, "मालू, ही लोकं मुद्दाम हळू करत्यात. बिल वाढवायला."

मी कान यंत्राला लावला. आतला आवाज बरोबर नव्हता. टेप पळायची, थांबायची, मागं जायची, परत पळत पुढं यायची. आणि याचा अर्थ मला माहीत होता. टेपला थांबत थांबत वाचलेलं सोसत नाही. पुढं माल घेणारा कमी घेत असेल तर ती थांबते, मागं सरून पुन्हा धाव घेते, आणि एकाच जागी घासत राहते. जुनी फीत अशानं तुटते. तुटली की आण्णांचा जुना डाग गेला, आणि उद्या सकाळी...

"बबन, थांबव! आधी थांबव ते!"

घरघर बंद झाली. मी डोळे मिटून हिशोब केला. टेप सहा मेगाबाइट देते. आठानं गुणलं, अठ्ठेचाळीस मेगाबिट. या सेंटरला आमची तार एका एसटीएमची आहे, एकशे पंचावन्न. म्हणजे तार टेपच्या तिप्पट रुंद आहे. टेप खरी, तार खरी. मग पडद्यावर आकडा जेमतेम एक मेगाबाइटच्या आसपास का रांगतोय? एक म्हणजे आठ मेगाबिट. त्यात बांधणीचं वजन धरलं तर दहा. दहाचा एक काटा मधे कुठंतरी बसलाय. आम्ही दोघं एकमेकांकडं बोट दाखवत होतो आणि मधला कुणी तिसराच खात होता.

मी यंत्रापासून तार हातानं चाचपत निघाले. टेबलाखालून, कपाटामागून, जळमटं हातानं बाजूला करत. कपाटाच्या माथ्यावर एक चपटी डबी निघाली. कुणीतरी केव्हातरी जोड द्यायला लावली आणि विसरून गेलं. अंगावर धुळीचा थर, आणि हिरवा दिवा कसा, अगदी सोज्वळपणे लुकलुकतोय. दहा मेगाबिटची. जगातली सगळी माहिती आली तरी ही बाई दहाच सोडणार.

"अरारारा," बबन म्हणाला. "रेफ्री गावला."

डबी काढली तर जोडच तुटणार होता, पण आता काय करायचं ते कळलं होतं. कारखान्याच्या गाडीतळावर जसा ऊस आधी उतरवून घेतात आणि मग चरकाच्या तोंडाशी, गव्हाणीला लावतात, तसं करायचं. मी ऑफिसातून एक मोकळी डिस्क आणवली, बबननं ती जुन्या काँप्युटरच्या पोटात बसवली. मग टेप पुन्हा चालू केली. आता तिला पुण्याची वाट बघायची नव्हती, शेजारच्या डिस्कवर ओतायचं होतं फक्त. ती तिच्या चालीनं निघाली. एकसारखी, न थांबता. आवाजातली ती धाप गेली. मी भिंतीला टेकून उभी होते आणि दर मिनिटाला मनात देवाचं नाव घेत होते, पण देवावरही पूर्ण भरवसा नव्हता.

मधे आण्णांना काहीतरी विचारायचं होतं. बोट टेपच्या यंत्राकडं केलं, ओठ हलले, आणि पुन्हा तेच. शब्द सापडेना. बबन चटकन दुसरीकडं बघायला लागला. भला माणूस. आण्णांनी हात खाली घेतला आणि टॉवेलचं टोक चुरगाळत बसले. त्या दिवसातला सगळ्यात वाईट क्षण तोच. मी जाऊन शेजारी बसले.

दुपारी टेप संपली. धड. बबननं डिस्क काढून माझ्या हातात दिली. ती घेऊन शाहूपुरीला, आमच्या ऑफिसात जायचं, तिथून मधल्या कुठल्याही डबीशिवाय थेट धाडायचं. स्कूटर काढली. आण्णा मागं बसले, डिस्क टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरली.

"ह्यात माझा डाग हाय?" रस्त्यात त्यांनी विचारलं.

"हाय."

"आनि दुसऱ्याचंबी?"

"सगळ्यांचं."

"मग नीट चालव की," म्हणाले. "खड्डं चुकवून."

ऑफिसातून माहिती गेली ती सुसाट. मी आमच्या यंत्राकडं बघत होते, ते दाखवत होतं तेवढं खरंच जातंय का, हे पुण्याच्या ऑफिसला फोन करून दोनदा विचारलं. यंत्र आमचंच ना शेवटी. पाचाला अवकाश असताना सगळं पोचलं. मग वाट बघणं आलं.

आजकाल माझी मुलगी फोनवर बोट फिरवते आणि तिचे हजार फोटो एका घासात कुठल्यातरी ढगात जाऊन बसतात. तिला विचारलं, गेले ते नक्की कुठं गेले, तर खांदे उडवते. मला झोप येत नाही अशा विचारानं. तुमचं सगळं आयुष्य कुणाच्या तरी काट्यावर चढवून तुम्ही निवांत कशा राहता गं? ती म्हणते, आई, तू ना, आजोबांची झेरॉक्स आहेस. पूर्वी मला याचा राग यायचा.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. आण्णा बाहेर पायरीवर बसून टपरीवरचा चहा पीत होते. डॉक्टर म्हणाले, "डाग तेव्हाही होता. तेवढाच आहे. ऑपरेशन नको. अधूनमधून शब्द अडकतात त्याला गोळी देतो."

कुणी दुसरी असती तर तिथंच बसून रडली असती. मी म्हणाले, "तेवढाच म्हणजे? मोजलात तुम्ही?"

पलीकडं ते हसले. "मोजलाय. तुम्हाला दोन्ही पाठवू का?"

"पाठवा."

दोन्ही चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावली. जुन्यात डाग मोहरीएवढा. नव्यात तुरीच्या डाळीएवढा. खोटं बोलले? धीर द्यायला म्हणून? मग नजर चित्राच्या कडेला गेली. प्रत्येक चित्राच्या कडेला एक बारीक मोजपट्टी छापलेली असते, आणि दोन्ही पट्ट्या एक लांबीच्या नव्हत्या. नवं चित्र मोठं करून दाखवलेलं होतं. मी ड्रॉवरमधली प्लास्टिकची पट्टी काढली, पडद्याला लावली, जुनं मोजलं, नवं मोजलं, जुन्याचं माप नव्यात आणलं. आयुष्यभर हेच तर केलं होतं. पुन्हा मोजलं. उलटं करून मोजलं.

जुळलं.

बाहेर आले. रस्त्यावर दिवे लागत होते. आण्णांनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्या तोंडाकडं बघितलं.

"आण्णा, जुळलं," मी म्हणाले. "डाग जुनाच आहे. तेवढाच आहे. काढायचा नाही."

आणि वाट बघत उभी राहिले. आता ते म्हणणार, दोघं एक झाल्यात. पुण्याचं सेंटर आनि पुण्याचा डागदर, गाव एकच की.

"कोन म्हनलं?" आण्णांनी विचारलं.

"डॉक्टर म्हणाले."

"आनि?"

"आणि मी मोजलं. पट्टी लावून. दोन्ही."

"तू मोजलंस? सोत्ता?"

"व्हय."

"मग जुळलं," आण्णा म्हणाले. टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला आणि उठले. "चल घरला. भूक लागलीया."

मी स्कूटरची किल्ली हुडकायला लागले. शब्द सापडेना म्हणजे काय होतं, ते तेव्हा समजलं.

स्कूटरवर मागं बसून आण्णा बोलायला लागले. डेअरीचं फॅट, फाट्यावरचा काटेवाला, शाहूपुरीतल्या चहात पाणी किती, बबनचा संघ खरंच हरला नसेल का, सगळं. वारं त्यांचे अर्धे शब्द पळवत होतं आणि उरलेले माझ्या कानात पडत होते. घर लवकर येऊ नये म्हणून मी मुद्दाम रंकाळ्याकडून लांबचा रस्ता धरला.

आण्णांनी लगेच माझ्या खांद्यावर टपली मारली. "मालू, ह्यो रस्ता न्हवं. कुठं नेतीयास मला?"